ताशी दीड डॉलर

एकोणीसशे अडुसष्टच्या मार्चमध्ये
उत्तर आयोवातल्या आमच्या कॉलेजात सिनेमावाले आले.
कथेत उन्हाळा होता, बाहेर गुडघाभर बर्फ.
त्यांनी बर्फ खरवडला आणि गवताला हिरवा रंग दिला.

कथा म्हणाल तर एक ढ पोरगा, एक चक्रम प्रोफेसर,
आणि परीक्षेच्या आदल्या रात्री
पोराच्या प्रेमात नाक खुपसणारा कॉम्प्युटर.
शेवटी आईबापांसकट सगळे हसतात.

खरा कॉम्प्युटर होता आमच्याकडे.
गणित विभागाच्या तळघरात, गारठ्यात,
मुकाट्यानं पगारपत्रकं काढायचा.
दिग्दर्शक जिना उतरून आला, म्हणाला,
"हा तर फ्रीज आहे,"
आणि जिना चढून गेला.

मग सुतारांनी प्लायवूडचा केला.
आठ फूट उंच, चंदेरी, एकशेवीस दिवे,
आत एक स्टूल.
स्टुलावर मी. वेंडल ऑसेन, फिजिक्स, दुसरं वर्ष,
ताशी दीड डॉलर.
हो म्हणजे हिरवा. नाही म्हणजे लाल.
विचार चाललाय म्हणजे सगळे एकदम, वाटेल तसे.
(मी स्वतः विचार करतो तेव्हा
असलं काहीही लुकलुकत नाही.)

बाराव्या दिवशी लाकडाच्या भुशानं मला शिंक आली.
अख्खं कपाट हादरलं,
वरचा एक दिवा निखळून प्रोफेसरच्या टोपीत पडला.
तो बापडा जुना नट. टोपीत बघितलं,
कपाटाच्या खांद्यावर हात ठेवला:
"जपा हो, दिवस वाईट आहेत."
दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

जेवणाची सुट्टी झाली. पावलं लांब गेली.
मी पाय मोकळे करतोय, तोच फटीतून
एक पंच कार्ड आत सरकलं.
फटीबाहेर राखाडी स्वेटरची बाही.
म्हणजे तळघरातली सोलवेग त्वेत,
जी दिवसभर कार्डांना भोकं पाडायची.
मी एक लाल दिवा लावला, कार्ड समोर धरलं.
भोकांमधून लाल ठिपके
माझ्या तळहातावर सांडले.

मला वाचता आलं नाही.
विचारावं तर कळलं असतं की येत नाही,
आणि फिजिक्सवाल्यांचं नाक तेव्हा
आठ फुटांच्या वर होतं.
मे महिन्यात ती डुलूथला गेली, म्हणे.

कार्ड राहिलं. आधी डिक्शनरीत,
मग टॅक्सच्या कागदांत, मग माळ्यावर.
परवा नातीनं, मॅरिटनं, त्याच्यावर फोन धरला.
अर्धा सेकंद.
"आजोबा, इथं लिहिलंय: रुमाल हवा का?"

शनिवारी वाचनालयात तो सिनेमा लावला होता,
पॉपकॉर्न फुकट.
शिंक आली. पोरं खुर्च्यांवरून घसरली.
मॅरिट माझ्या कानाशी:
"तेव्हाच्या कॉम्प्युटरला सर्दी व्हायची?"
मी हो म्हणालो. हिरवा दिवा.

आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला,
विजेच्या तारा सावरणाऱ्या माणसांच्या मागं,
चुकून फ्रेममध्ये आलेली
एक राखाडी बाही, खिशात काहीतरी चाचपणारी.

मागं न्या, जरा मागं न्या,
म्हणायला मी उठलो,
पण गुडघे वेळ घेतात,
आणि तोवर उन्हाळा सुरू झाला होता,
रंगवलेला, टोकापर्यंत हिरवा.