वय चौऱ्याहत्तर

विजयदुर्गच्या बंदरात यसो मेस्त
होडीची फळी हातोडीने ठोकायचा, कान लावून.
कीड आतून बोलते, म्हणायचा.

त्याच्या कंबरेला मी चार महिने
मलम दिलं. रक्त कमी, तर लोहाच्या गोळ्या.
केसपेपरावर कारण लिहिलं: वय चौऱ्याहत्तर.

मग बायको सहज बोलली,
रात्री तीनदा उठून तांब्या रिकामा करतात,
लघवीला फेस येतो, भरतीच्या कडेला असतो तसा.

ईएसआर एकशे दहा. क्रिएटिनिन वाढलेलं.
कवटीचा एक्स-रे खिडकीशी धरला:
बारीक, गोल, काळी भोकं,
सामत्याने पाडावीत तशी.

कोल्हापूरला मज्जा तपासतील, मग नाव कळेल,
मी सांगत राहिलो.
तो फिल्मवर बोट फिरवत होता.
"डाक्टरानू, फळी बदलूक येता,
की डांबरार भागवूचा?"