खोळ टाकून द्या

कुचिंगमध्ये तीनला पाऊस येतो
आणि साडेतीनला माझ्या दुकानात गिऱ्हाईक.
"आत कोळ्याचं जाळं झालंय," म्हणतात.
कोळी नव्हे हो, बुरशी.
कोळी माशीची वाट तरी बघतो,
ही थेट काचेवरच जेवायला बसते.

दायांग सफुरा मुकाहहून आली, रात्रभराची बस.
पिशवीत पुतण्यासाठी साबुदाण्याचं पुडकं,
त्याखाली कातडी खोळीत पन्नासचं भिंग.
"नवऱ्याचं," म्हणाली. "गेले ते.
कपाटात होतं. बावीस वर्षं."

टॉर्च तिरकी धरली.
समोरून पाहिलं तर काच साळसूद असते,
तिरक्या उजेडात कबूल होते.
कडेकडून मध्याकडे निघालेली पांढरी मुळं,
फाटे, फाट्यांना फाटे,
कुणी घाई न करता काढलेलं.

रबरी बूच दाबून नावाची कडी फिरवली.
कुरकुरली, मग सुटली.
स्क्रू चहाच्या बशीत, निघाले त्या क्रमाने.
बापाने एवढंच शिकवलं मला:
उघडता कुणालाही येतं.

पेरॉक्साइड, अमोनिया, निम्मं निम्मं.
नाकात झिणझिण्या.
कापूस मधून बाहेर, गोल गोल,
तान्ह्याच्या कानामागे पुसावं तसा.
जाळं गेलं.
जाळ्याची जागा राहिली.
काच खाल्ली गेली की खाल्ली गेली,
तिथे माझा कापूस चालत नाही.

"फोटोत दिसेल?"
"सूर्याकडे तोंड केलंत तर. एरवी नाही."
ती हसली. यात हसण्यासारखं काय, मला कळेना.

भिंग जोडलं, रिकाम्या कॅमेऱ्यावर चढवलं,
बघा म्हणून हातात दिलं.
डावा तळवा आपसूक खाली गेला.
कोपर बरगडीला टेकलं.
अंगठ्याने न बघता अॅपर्चरची कडी मोजली,
टिक, टिक, टिक, आठवर.
अर्धा श्वास सोडून तिने अर्धा धरून ठेवला
आणि रस्त्यापलीकडचा शिंपी
सुईत दोरा ओवेपर्यंत
ती हलली नाही.

नवऱ्याचं, म्हणे.
बशी रिकामी होती,
तरी मी तिच्यात स्क्रू शोधत राहिलो.

चाळीस रिंगिट. वरचे पंधरा सोडले, का ते विचारू नका.
नेहमीचं सांगितलं: कपाटात ठेवू नका,
उजेड दाखवा, वापरा.
वापरातल्या काचेला बुरशी धरत नाही.
(धरते कधीकधी. पण सांगतो.)
"आणि खोळ टाकून द्या. कातडं ओल धरतं,
सगळं तिथूनच येतं."

ती खोळीकडे बघत राहिली.
"त्यांनी शिवली होती. लग्नानंतर लगेच.
धूळ बसू नये म्हणून."

भिंग तिने डोक्यावरच्या जादा रुमालात गुंडाळलं,
साबुदाण्याच्या वर ठेवलं, आणि गेली.

खोळ अजून माझ्या खिळ्याला आहे.
आठवड्यात हिरवट पीठ धरलं.
शिवण मात्र बघण्यासारखी,
टाक्याला टाका लागून,
एकही चुकलेला नाही.