चाकाच्या डाव्या अंगाला

सातपूरला रऊफचाचांच्या दुकानात
ग्रीसच्या डब्यामागे सापडली,
म्हणून नाव छर्रा.
बेअरिंगमधला एक जरी निसटला
तरी चाक कुरकुरतं, चाचा म्हणाले,
आणि तिला माझ्या डब्याच्या पिशवीत सोडलं.

चारेक महिन्यांची असेल.
माणसांचा एकच शब्द येत होता तिला:
हाड.
तो ऐकला की कान पाडायची, अंग चोरायची,
आणि भाषा तिथेच संपायची.

मी आधी सायकल आडवी केली अंगणात.
भाकरीचा तुकडा मागच्या चाकापाशी,
चार दिवसांनी आऱ्यांच्या मधे,
मग चाक हातानं फिरवत, फ्रीव्हील टिकटिकवत.
खैरनारकाकू कुंपणावरून बघायच्या:
"कुत्रीला सायकल शिकवताय,
का सायकलीला कुत्री?"
काहीतरी बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

डॉक्टर निकुंभ म्हणाले, दीड वर्षाची होईस्तोवर
पळवायचं नाही. हाडं कच्ची आहेत.
हाडं. हाड.
मराठीत हा शब्द दोन्हीकडून चावतो.

म्हणून चाललो नुसते.
मधे सायकल, अलीकडे मी, पलीकडे ती,
सावरगावच्या रस्त्यानं, द्राक्षबागांच्या कडेकडेनं.
फवारणीचा ट्रॅक्टर आला की थांब.
मेलेला उंदीर दिसला की सोड.
डावं. मागं. थांब. सोड.
चार शब्द झाले.
आमच्या कंपनीतला सुपरवायझर
एवढ्यावरच वीस वर्षं काढतोय.

पळायला लागली ती चामरलेणीच्या मागच्या वाटेवर,
तिसरी पाळी संपवून मी थेट डोंगरावर यायचो तेव्हा.
डोळ्यांत झोप, हेल्मेटमध्ये कालचा घाम,
आणि डावीकडे, मागच्या चाकाच्या जरा मागे,
नखांचा आवाज मुरमावर.
तो ऐकू आला की वळून बघावं लागत नाही.
चढावर ती माझ्यासाठी थांबायची.
उतारावर मी तिच्यासाठी.
निघण्याआधी कातळावर तळहात टेकवायचा,
दहा आकडे मोजायचे.
माझा हात पोळला तर तिचे पाय पोळणार,
मग सरळ घरी.

फेब्रुवारीतली सकाळ. सुटा मुरूम, अवघड वळण.
गवतातून एक तितर भुर्रकन उठला
आणि ती चाकापुढे आडवी.
दोन्ही ब्रेक. मी करवंदीच्या जाळीत,
गुडघा सोललेला, तोंडात माती,
आणि मातीबरोबर बाहेर पडला
तो शब्द.

चार शब्दांना मला चौदा महिने लागले.
हा मी शिकवलाच नव्हता.
हा तिला येत होता.

कान पाडले तिनं. अंग चोरलं.
निवडुंगांच्या पलीकडे गेली.
मागे बघितलं नाही.

नावानं हाका मारल्या. मग थांबलो,
कारण माझ्या आवाजात अजून तोच आवाज होता.
एक शेळीवाला वरून उतरत आला.
"चेन पडली का?"
"नाही."
"मंग?"
खाली म्हसरूळकडे धूर चढत होता कुठूनसा.
तो थोडा वेळ उभा राहिला, शेळ्या हाकत गेला.

आडव्या पडलेल्या सायकलीचं मागचं चाक
सहज हातानं फिरवलं मी.
टिकटिकटिक, टिकटिक, टिक.
थांबलं की पुन्हा.
पुन्हा.
खिशात भाकरी नव्हती.
किती वेळ गेला ठाऊक नाही, उन्हानं मान तापली.

आली.
माझ्याकडे नाही.
चाकाच्या डाव्या अंगाला येऊन बसली,
एका हाताच्या अंतरावर,
आणि फिरणाऱ्या आऱ्यांकडे बघत राहिली.

मी कातळावर तळहात टेकवला.
दहाला पोचलोच नाही. सहालाच उचलला.

परत चाललो तसेच, पहिल्या महिन्यासारखे,
मधे सायकल, अलीकडे मी लंगडत, पलीकडे ती,
सावली शोधत शोधत,
पूर्ण वाटभर
एकही शब्द न वापरता.