एफ सतरा

ए मध्ये तारीख. बी मध्ये वार.
सी मध्ये काय टाकायचं: फोटो, रील, की नुसत्या शुभेच्छा.
डी मध्ये कोण करणार, म्हणजे बहुतेक मीच.
ई मध्ये कुठं. एफ मध्ये खर्च.
जी मध्ये किती जणांनी विचारलं, रेट काय?

यंबय्या काकांना सेल म्हटलं की
दिवाळीचा सेल आठवतो.
"एका सेलात किती टॉवेल जातात गं?"
काका, एकच आकडा जातो.
"मग एवढा मोठा कागद कशाला उघडलीस?"

अक्कलकोट रोडला, शेडच्या माळ्यावर माझं टेबल.
खाली चोवीस माग.
बटण दाबल्याचा आवाज इथं मलाच येत नाही,
नुसता आकडा हलतो.

या महिन्याच्या शीटमध्ये
दर पाचव्या ओळीला मी निळा रंग दिला.
निळा म्हणजे नळाला पाणी.
त्या दिवशी शूटिंग ठेवायचं नाही.
बाया येतात उशिरा, ओल्या पदरानं,
आणि निम्मं डोकं घरच्या पिंपात राहिलेलं.
पुण्याच्या एजन्सीनं पाठवलेल्या नमुन्यात
असला काही रंग नव्हता.

नववी ओळ: फोटोग्राफर, साडेसात हजार, जेवण वेगळं.
त्यानं टॉवेल पांढऱ्या फरशीवर ठेवले,
शेजारी एक लिंबू.
लिंबाचे दहा रुपये मीच दिले, तेही मांडलेत.
विचारणा तीन.
त्यातला एक काकांचा साडू.

मग सतरावी.
दुपारच्या सुट्टीआधी, सहज, मोबाईलवर:
पोशव्वा अक्का टॉवेलची किनार शिवताना.
एकोणीस सेकंद. फक्त हात.
कापड वळतं, सुई खाली, कापड वळतं.
सकाळी कोचीच्या एका हॉटेलनं चारशे नग मागितले.
जी सतरा: दोनशे बारा.
एफ सतरा: शून्य.

काका खूश. "असलंच टाक आता. फुकटातलं."
शीटलाही त्याचं काही वाटत नाही.
शून्याला पाय न लावता
बेरीज पुढच्या ओळीवर जाते.

अक्काला दाखवलं. चष्मा पुसून तीनदा बघितलं.
म्हणाली, "अंगठा कशाला दाखवलीस?"
डाव्या अंगठ्याला नख नाही.
जुन्या मागावर गेलं, कुठल्या साली
ते तिलाही आता सांगता येत नाही.
"सुनेच्या माहेरचे बघतील की."

एच रकाना नव्हता, तो काढला. नाव दिलं, टीप.
लिहिलं, अंगठा फ्रेमबाहेर ठेवावा.
खोडलं.
रील तर गेलं होतं कधीच, केरळापर्यंत.
मग पुढच्या रीलच्या ओळीत तेच पुन्हा लिहिलं.

एजन्सीची मुलगी फोनवर म्हणाली,
"उभे रकाने, आडव्या ओळी, अय्या,
अगदी तुमच्या मागासारखंच ना!"
नाही गं.
मागावर धागा तुटला तर माग थांबवून
तो शोधावा लागतो, थुंकी लावून वळावा लागतो,
गाठ अशी मारावी लागते की बोटाला लागू नये.
इथं कंट्रोल झेड.
सगळं परत येतं त्यानं.
नख नाही.

आज महिनाअखेर.
एफ सतरात मी पाचशे टाकले.
पाचशेच का, मला विचारू नका.
फोटोग्राफरच्या जेवणाचे तेवढे झाले होते.
खाली बेरीज लाल झाली,
ठरवलेल्या रकमेच्या चारशे नव्वदनं वर.

काका जिना चढतायत.
चोवीस मागांतूनही त्यांची चप्पल वेगळी ऐकू येते.
पूर्वी सेव्ह करायला विसरले म्हणता यायचं,
हल्ली ते आपोआप होतं.

"लाल का दिसतंय गं ते?"

लिंबापासून सांगायला सुरुवात करीन म्हणते.
उद्याची ओळ निळी आहे,
अक्का उशिरा येईल.