बादलीची साक्ष

जुन्या फरश्या निघाल्या तेव्हा
खाली सांगण्यासारखं काही नव्हतं.
ओली काळी रेती, विटांचा चुरा,
आणि मागच्या मिस्त्रीनं दाबून टाकलेली
खर्र्याची एक पन्नी.
झनकलाल मरस्कोल्हेनं ती चिमटीत धरून दाखवली.
"पाहा बाई, इथंच त्याचं ध्यान सुटलं."

मानेवाडा, दुसरा मजला, मेचा तिसरा आठवडा.
चार बाय सातची न्हाणी
आणि तिच्यात तो, उकिडवा.
छन्नीचा ठोका भिंतीतून थेट माझ्या दाढेत.
सुकवारो मलब्याची पोती खाली नेत होती,
दर वळणावर थांबून एक शिवी हासडत,
उन्हाला की आम्हाला, कळलं नाही.

मग झाडणं. त्यानं एवढं झाडलं
की मी म्हटलं, अहो, वर सिमेंटच तर येणार.
"धुळीवर काई टिकत नाई."
एवढंच बोलून पुन्हा खराटा.
स्लॅबला पाणी पाजलं, मग सिमेंटचं दूध,
मग कन्हानची रेती, दोनदा चाळलेली.
कोपरे अंगठ्यानं गोल केले.
काटकोनात पाणी जाऊन बसतं म्हणे,
आणि बसलं की उठत नाही.

पाणसळीतला बुडबुडा मधोमध यावा
म्हणून मी श्वास धरून उभी.
तो हसला.
"मधात आला तं पानी उभं राहीन.
त्याले जराकसं कलू द्या."
दारापासून जाळीपर्यंत एक इंच.
कोषागारात एकतीस वर्षं
मी दोन्ही बाजू बरोबर करत आले.
मुद्दाम ठेवलेला फरक
पहिल्यांदाच पाहिला.

चौथ्या दिवशी जाळीत चिंध्यांचा बोळा,
न्हाणीचा हौद.
भिंतीवर पेन्सिलीची रेघ, पाण्याला टेकवून.
चोवीस तास कुणी आत जायचं नाही.
खालच्या ढोमणेबाई खुर्ची टाकून बसल्या,
मांडीवर निवडायची तूर,
डोळे आपल्याच छताला.

दुसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या खाली.
करंगळीभर.
माझ्या पोटात खड्डा.
पुन्हा छन्नी, पुन्हा पोती, पुन्हा पैसे.
झनकलालनं काही न बोलता
खिडकीखालची बादली पुढे ओढली.
कालच भरून ठेवलेली,
आतून खिळ्यानं ओढलेली एक रेघ.
तिच्यातलंही पाणी उतरलं होतं,
करंगळीभर.

"बादली तं फुटकी नाई न?
उन्हानं पेलं, बाई."

तेवढ्यात जिन्यातून ढोमणेबाईंचा आवाज,
"कोरडं हाय वो!"

आता वर पांढऱ्या फरश्या आहेत.
येणारा जाणारा रंग विचारतो, दुकान विचारतो.
पेन्सिलीची रेघ टाइलच्या मागे गेली.
आंघोळीचं शेवटचं पाणी
पायाशी क्षणभर थबकतं,
मग आपलं आपण निघून जातं.

बादली तीच आहे.
बाहेरून घासते,
आतून त्या रेघेपर्यंतच.