शेरा असल्यास

पत्र आलं अबुजाहून, तीन शिक्क्यांचं,
चौथ्या शिक्क्याची जागा आमच्यासाठी मोकळी.
सदर विद्यार्थिनी आपल्या संस्थेत
खरोखरच शिकत होती काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.

इलाही मुलाणीनं शिडी लावली.
रजिस्टर खाली आलं ते आधी नाकाला कळलं:
पुरात भिजलेलं. कितीही उन्हात घाला,
कृष्णामाई पानांतून पुरती उतरत नाही.
खालच्या चार बोटांत शाई फुटलेली,
एकोणचाळीस ते त्रेचाळीस
एकमेकांत मिसळलेत.
ती एक्केचाळीस.

उडोफिया एनोबोंग साम्युएल.
अक्षर माझंच.
आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं,
चौगुले विमल भूपाल लिहिते तसं.
काउंटरवर वाकून ती म्हणाली होती,
मॅडम, हे उलटं झालं.
मी म्हटलं, इथं असंच असतं. पुढचे या.

तेच नाव गुणपत्रिकेवर चढलं,
गुणपत्रिकेवरून पदवीवर,
पदवीबरोबर विमानात बसलं
आणि तिकडं उतरल्यावर
पासपोर्टाशी त्याची ओळख पटेना.
साम्युएल कोण, विचारतात तिला.
वडील, म्हणते ती.
मग पदवी वडिलांची का?

त्यांच्याकडं शिक्षण झालं की
वर्षभर देशाची सेवा करावी लागते,
खाकी कपडे, जाड बूट,
सरकार पाठवेल ते गाव.
दोन तुकड्या तिच्याविना निघून गेल्या,
पुढच्या मार्चात तिला तीस पूर्ण होतात.
सगळा मेल इंग्रजीत, नीट, नम्र,
आणि शेवटी एकच ओळ आपली:
मॅडम, लवकर बघा की.

हा 'की' सांगलीचा.
हा कुठल्या रकान्यात लिहू?

सेवाच म्हणाल तर
त्या ऑगस्टात पाणी पायऱ्या चढायला लागलं
तेव्हा स्टाफ आपापली भांडी माळ्यावर टाकायला पळाला,
मीसुद्धा.
हॉस्टेलच्या पोरींनी रेकॉर्ड रूमचं कुलूप फोडलं
आणि रजिस्टरं डोक्यावरून वर लॅबमध्ये नेली.
आठवड्यानं मी चिखलातून आले तर
टेबलांवर पानं उलगडून ठेवलेली,
दर दोन पानांत एक फिल्टर पेपर.
ही अक्कल कुणाची, विचारलं.
सगळ्यांनी तिच्याकडं बोट केलं.
मी कुलपाचे एकशे ऐंशी रुपये
तिच्या डिपॉझिटमधून कापले.
पावती आहे. मागाल तर जोडते.

कोल्हापूरला दोन खेपा झाल्या,
जयसिंगपूरपर्यंत उभ्यानं.
विद्यापीठात म्हणाले, नाव दुरुस्त होईल,
चूक कुणाची ते लेखी द्या.
दिलं.
सदर चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.
छत्तीस वर्षं हे वाक्य
मी दुसऱ्यांकडून लिहून घेत आले,
स्वतः लिहिताना 'निम्न'पाशी पेन अडलं.
झटकलं. परत चालवलं.

'नाही' खोडलं. पट्टी धरून, दोनदा.
'शेरा असल्यास' या ओळीवर
मी बरंच लिहिलं होतं.
प्राचार्य चष्म्यावरून म्हणाले, बाई, हे काय,
ते एवढंच विचारतायत की ती इथं होती का.
व्हाइटनर फिरवला.
वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.
उजेडाला धरलं तर अजून थोडं दिसतं.

लाख तापवली, शिक्का उमटवला,
बोट भाजलं ते वेगळं.
इलाही पाकीट घेऊन हेड पोस्टात गेला,
जेवणाच्या सुट्टीनंतर परत आला.
म्हणाला, आत काय आहे विचारत होते,
आणि किंमत किती.
मग काय सांगितलंस?
कागद, म्हटलं. किंमत काही नाही.

पोस्टाची पावती त्यानं टेबलावर ठेवली.
ती मी एक्केचाळीस नंबरपाशी लावली,
कुलपाच्या पावतीला
टाचणीनं.