शंभरास एक

उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न केले.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून आमची पट्टीच मुळात जरा लांब.
आता त्याच पट्टीनं
पंचगंगेचा घाट करतोय,
सागवानी ढलप्या, फेविकॉल, जुना दाढीचा ब्रश.

दीपमाळा झाल्या. एक कलली, राहू दिली.
धुणं बडवणारी बाई शेंगदाण्याएवढी.
हिंदुराव मात्र म्हशीपेक्षा थोराड झाला;
बघून गेला, म्हणाला, बरोबर हाय.

अडलंय ते पाण्यापाशी.
कुठवर ओतू?
नात म्हणते, एकोणीसचा पूर कर,
भिंतीवर रेघ आहे अजून.
रेघ माझ्या खांद्याला लागते.
शंभरानं भागली
तर करंगळीच्या नखाएवढी.
एवढ्यात तुझं शिलाई मशीन गेलं,
कपाट गेलं,
आणि पुढच्या थंडीत तूही.

नको.
चैत्रातलं पाणी ओततो.
तिसरी पायरी कोरडी राहील,
चपला शेजारी काढून
तू बसायचीस ती.

ती तेवढी मापाबाहेर रुंद झालीय.
कुणी विचारलंच, तर सांगेन,
पट्टी लांब आहे.